वाळूजमधून एरोस्पेसमध्ये जायचंय: मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरचं काम खरं कसं असतं?

प्रश्न असा आला आहे: मेकॅनिकलची डिग्री आहे, वाळूजमध्ये दुचाकीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) शॉपवर चार वर्षं झाली, आता एरोस्पेसमध्ये मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर म्हणून जायचं आहे. तिथे रोजचं काम काय असतं, ऑटोचा अनुभव धरतात का, एम.टेक. करावं का आणि संभाजीनगर सोडावंच लागेल का?

मी दोन्हीकडे काम केलं आहे. सुरुवात वाळूजमध्येच झाली, मग बेंगळुरू, आणि आता शेंद्र्यात विमानाचे भाग मशीन करणाऱ्या एका लहान कंपनीत प्रोसेस प्लॅनिंग बघतो. ऑटोचा अनुभव धरतात, नक्की धरतात. पण त्या अनुभवातला कोणता भाग उपयोगी पडतो आणि कोणती सवय मोडावी लागते, हे आधीच कळलं तर तुमचं पहिलं वर्ष वाया जाणार नाही. म्हणून आधी कामाबद्दल लिहितो, करिअरबद्दल नंतर.

ऑटोत आपण जॉब, म्हणजे मशीनवर बनणारा भाग, मोजतो. व्यास बरोबर, फिनिश बरोबर, गेज आत गेला, जॉब पास. एरोस्पेसमध्येही हे सगळं होतं, पण तिथे एक गोष्ट पहिल्यापासून गृहीत धरलेली असते: जॉब मोजून त्याच्याबद्दल सगळं कळत नाही. जे मोजता येत नाही ते फक्त प्रक्रियेतून सांभाळता येतं. मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरची नोकरी मुळात यासाठीच आहे.

नव्या मुलांना मी एक अपघात सविस्तर सांगतो. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतल्या पेन्साकोला विमानतळावर डेल्टा एअरलाइन्सचं एमडी-८८ विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर वेग घेत होतं. डाव्या इंजिनाचा पुढचा फॅन हब (पंख्याची पाती धरणारा मधला भाग) फुटला, तुकडे केबिनमध्ये घुसले आणि दोन प्रवाशांचा, आई आणि मुलाचा, जीव गेला. हब टायटॅनियमचा होता. तपासात तडा सापडला तो टाय रॉडच्या (जोडणीच्या दांड्याच्या) एका छिद्रात. ते छिद्र पाडताना त्या जागी धातू प्रमाणाबाहेर तापला होता आणि छिद्राच्या भिंतीत धातूची अंतर्गत रचना बदलून एक कडक, ठिसूळ थर तयार झाला होता. हब तपासणीतून पास होऊन गेला, इंजिनात बसला, वर्षानुवर्षं उडाला. त्या थरातून फटीगचा (पुन्हा पुन्हा ताण आल्याने पडणारा) तडा हळूहळू वाढत गेला. हबचं ठरलेलं आयुष्य होतं २०,००० उड्डाणांचं. तो १३,००० च्या पुढे टिकला आणि मग फुटला.

ड्रिलिंग आपण सगळेच करतो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये शिकवतात ते ऑपरेशन. त्या एका छिद्राच्या वेळी मशीनवर काही तरी बिघडलं आणि त्याची खूण जॉबच्या मापात कुठेच उमटली नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढे मी जे लिहितो आहे त्यातलं काहीच तुम्हाला कागदी सोपस्कार वाटणार नाही.

टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही. साध्या स्टीलची उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये) ५० च्या आसपास, ७०७५ ॲल्युमिनियमची १३० च्या आसपास, आणि टीआय-६एएल-४व्ही या नेहमीच्या टायटॅनियमची जेमतेम ७. म्हणजे कटिंगची उष्णता चिपबरोबर किंवा जॉबमधून निघून जात नाही, ती टूलच्या धारेपाशी साठते. शिवाय हा धातू लवचिक, स्टीलच्या निम्म्याच ताठपणाचा. ड्रिल बोथट झालं की कापण्याऐवजी घासायला लागतं, घासलं की अजून तापतं. म्हणून आमच्या ऑपरेशन शीटवर टायटॅनियमच्या छिद्रासाठी फक्त 'ड्रिल ८.५' असं लिहून भागत नाही. ड्रिल कुठल्या मेकचं, कॅटलॉग नंबर काय, रीग्राइंड केलेलं चालेल की नाही, स्पीड, फीड, कूलंटचं प्रेशर, कूलंटची टक्केवारी, एका ड्रिलवर जास्तीत जास्त किती छिद्रं. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाची ओळ: ड्रिल छिद्राच्या मध्येच थांबलं, तुटलं किंवा वीज गेली तर काय करायचं.

ऑटोत काय करतो? तुटलेलं टूल काढलं, नवं लावलं, ऑफसेट घेतला, सायकल पुन्हा सुरू. लाइन थांबता कामा नये. इथे मशीन थांबवायचं, जॉबला टॅग लावायचा, तो जॉब बाजूला कुलपात ठेवायचा आणि कळवायचं. कारण त्या क्षणी छिद्राच्या भिंतीत काय झालं हे कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही. आपल्याकडे वीज ट्रिप होणं काही नवं नाही, त्यामुळे हा प्रसंग कधी तरी येणारच असं धरूनच शीट लिहावी लागते.

आमच्याकडे मागे एका भागाचं ड्रिलिंग चालू होतं. मशीनवरचा मुलगा गंगापूरकडचा, आयटीआय केलेला. स्क्रीनवर स्पिंडल लोड हिरव्यातच होता, पण त्याने फीड होल्ड दाबलं आणि मला बोलावून म्हणाला, "सर, आवाज बदलू राहिला." ड्रिल काढून मायक्रोस्कोपखाली धरलं तर एका धारेचा कोपरा उडालेला. त्या दिवशी त्याचं प्रॉडक्शन कमी भरलं आणि त्याबद्दल त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. असा माणूस मशीनवर टिकला पाहिजे, आणि त्याला थांबायची मोकळीक असली पाहिजे, ही जबाबदारीही मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरचीच.

आता रोजच्या कामाकडे येतो. नवा भाग आला की ड्रॉइंग येतं, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नोट्स येतात. नवखा इंजिनिअर थ्रीडी मॉडेल उघडून थेट कॅमकडे (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) पळतो. अनुभवी माणूस आधी नोट्स वाचतो. एका नोटमध्ये लिहिलेलं असतं, फिनिश अमुक स्पेसिफिकेशनप्रमाणे. ते स्पेसिफिकेशन उघडलं की त्यात आणखी चार स्पेसिफिकेशनचे नंबर. त्यातल्या एकात लिहिलेलं सापडतं की ॲनोडायझिंगच्या (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर तयार करण्याच्या) आधी सँडिंगला अमुक पदार्थ चालणार नाही, किंवा टायटॅनियमला कॅडमियम प्लेटिंग केलेलं टूल लागता कामा नये. हे झाड मुळापर्यंत वाचून काढणं, प्रत्येक अट कुठल्या ऑपरेशनवर लागू होते ते ठरवणं आणि ती ऑपरेटरला कळेल अशा भाषेत शीटवर उतरवणं, यात आठवडा सहज जातो. मशीनिंगचा प्रोग्राम त्यामानाने लवकर होतो. वाचायचा कंटाळा असलेल्या माणसाने या क्षेत्रात येऊ नये, असं मी स्पष्टच सांगतो. मराठी माध्यमातून आलो म्हणून इंग्रजी स्पेसिफिकेशनची धास्ती असेल तर ती सोडा. ती भाषा तुटक आणि ठरावीक असते, तेच दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात, सहा महिन्यांत हात बसतो.

ऑपरेशन शीट मराठीत असावी असा माझा आग्रह असतो. फोटोसह, मोठ्या अक्षरात. पण एक पथ्य पाळा: मराठी शीटलाही रिव्हिजन नंबर हवा आणि इंग्रजी बदलली की तीही त्याच दिवशी बदलली पाहिजे. मशीनला चिकटवलेला जुना कागद हा ऑडिटमध्ये पहिला सापडतो.

पहिला जॉब तयार झाला की फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन (एफएआय), म्हणजे पहिल्या भागाची संपूर्ण तपासणी. त्याचं मानक एएस ९१०२. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक नोटला फुगा काढून नंबर द्यायचा आणि प्रत्येक नंबरासमोर प्रत्यक्ष मोजलेली किंमत आणि कशाने मोजली ते लिहायचं. साध्या ब्रॅकेटवरही दीडशे फुगे सहज होतात. तीन फॉर्म असतात: पहिल्यात भाग आणि त्याचे उपभाग, दुसऱ्यात मटेरियल, स्पेशल प्रोसेस आणि फंक्शनल टेस्ट, तिसऱ्यात सगळी मापं. ऑटोतल्या पीपीएपीची (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या पद्धतीची) तुम्हाला सवय असेल तर हे परकं वाटणार नाही. फरक नंतर जाणवतो. प्रक्रियेत फरक पडेल असा प्रोग्राम बदलला, फिक्स्चर बदललं, मटेरियलचा पुरवठादार बदलला, अगदी तेच मशीन वाळूजच्या शेडमधून उचलून शेंद्र्याच्या शेडमध्ये नेलं, तरी त्या बदलाचा ज्या ज्या मापांवर परिणाम होऊ शकतो त्यांचं एफएआय पुन्हा करावं लागतं. दोन वर्षं तो भाग बनलाच नाही तरीही पुन्हा करावं लागतं.

मोडायची सवय म्हणालो ती इथे आहे. ऑटोत कायझेन (सतत छोट्या सुधारणा) हा आपला धर्म असतो. फीड थोडा वाढव, एक पास कमी कर, सायकल टाइममधले चार सेकंद वाचव, बोर्डावर फोटो लागतो. ती वृत्ती चांगलीच आहे आणि ती मारू नका. पण एरोस्पेसमध्ये, त्यातही इंजिनाच्या फिरत्या भागांत, प्रक्रिया गोठवलेली असते. सुधारणा सुचली तर ती कागदावर मांडायची, ग्राहकाकडे पाठवायची, मंजुरी यायला महिने लागले तरी थांबायचं. वाळूजमधून आलेली हुशार मुलं इथेच अस्वस्थ होतात. संख्येचाही धक्का बसतो. एअरबसचं ए३२० कुटुंब जगात सर्वाधिक वेगाने बनणाऱ्या प्रवासी विमानांपैकी एक, तरी त्याचे महिन्याला शंभर नगही होत नाहीत. तुमच्या दुचाकीच्या लाइनला तेवढ्यासाठी एक शिफ्टही लागत नाही. त्यामुळे तुमची बॅच कधी बाराची, कधी पाचची. पहिलाच जॉब बरोबर यावा लागतो. सेटिंगसाठी चार जॉब फेकू, ही सोय इथे नाही. एका ब्लॉकची किंमत ऐकलीत तर का ते कळेल.

त्या ब्लॉकबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडच्या लहान कंपन्यांना जे काम पहिल्यांदा मिळतं ते बहुधा हेच असतं: ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटमधून पॉकेट काढून पातळ भिंतींचा भाग बनवणं. अशा भागात नव्वद टक्क्यांहून जास्त धातू चिप होऊन जातो. प्लेट तयार होताना, क्वेंचिंगमध्ये (तापवून झटकन थंड करताना), तिच्या आत ताण अडकून राहतात. म्हणूनच विमानासाठी ७०७५ किंवा ७०५० ची प्लेट घेतात ती टी७३५१, टी७४५१ अशा टेंपरची, म्हणजे उष्णताप्रक्रियेनंतरच्या ठरावीक अवस्थेची. शेवटचे ते ५१ म्हणजे प्लेट थोडी ताणून आतले ताण उतरवले आहेत. पण उतरवले म्हणजे पूर्ण संपले असं नसतं. एका बाजूने सगळा माल काढलात की भाग केळ्यासारखा वाकतो.

नवखा सेटर काय करतो? वाकलेला भाग फिक्स्चरवर क्लँप मारून सपाट दाबतो आणि फिनिश करतो. मशीनवर प्रोब लावला तर सगळं बरोबर. क्लँप सोडला की भाग पुन्हा वर उठतो, आणि आता भिंतीची जाडीही एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त झालेली असते. खरा मार्ग वेळखाऊ आहे. दोन्ही बाजूंनी रफिंग करायचं, सगळीकडे सारखा माल शिल्लक ठेवायचा, क्लँप पूर्ण सोडायचा, भागाला त्याच्या मनाप्रमाणे वाकू द्यायचं, मग त्या मोकळ्या अवस्थेत नवी डेटम फेस (मापं जिथून धरायची ती संदर्भाची बाजू) हलक्या कटने सपाट करायची आणि त्यानंतर फिनिश. भाग मोठा असेल तर ही उलटापालट तीन-चार वेळा. व्हॅक्यूम फिक्स्चर असलं तरी आधी फीलर गेज घालून बघायचं की भाग टेकला आहे की ओढून टेकवला आहे. या कामात वाळूजचा माणूस खरोखर उजवा ठरतो, कारण फिक्स्चरची समज आपल्याकडे फार चांगली आहे. दुचाकीच्या उद्योगाने या शहराला दिलेली ती मोठी कमाई आहे.

आपल्या हवामानाचं एक वेगळं गणित आहे, ते पुण्या-बेंगळुरूच्या लोकांना इतकं भोगावं लागत नाही. मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. मे महिन्यात शॉप ३५ अंशांवर असेल तर ६०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा भाग सुमारे ०.२ मिलिमीटरने वाढलेला असतो. हातातला स्टीलचा व्हर्निअरही तापून वाढलेला असतो, म्हणून चूक निम्मीच दिसते, साधारण ०.१. दिसते निम्मी म्हणून ती जास्त फसवी. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापातली मान्य सूट) ±०.०५ असेल तर संपलंच. सीएमएमची (भागाची मापं घेणाऱ्या मशीनची) खोली थंड असून उपयोग नाही, जॉब त्या खोलीत किती तास ठेवल्यावर मोजायचा हे शीटवर लिहावं लागतं. आणि मशीनवर फिनिश कट घेताना जॉबचं तापमान किती होतं याचाही विचार करावा लागतो.

पाण्याचंही तसंच. आपल्या बोअरचं पाणी जड, उन्हाळ्यात टँकरचं आलं तर दर खेपेला वेगळं. तेच कूलंटमध्ये ओतत राहिलात तर पाणी उडून जातं, क्षार मागे साठत जातात, इमल्शन फुटतं आणि ॲल्युमिनियमवर डाग, पुढे गंज. आम्ही आरओचं पाणी वापरतो, रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने टक्केवारी बघतो आणि रजिस्टरमध्ये लिहितो.

डिबरिंगला, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कूस (बर) काढण्याला, ऑटोत कुणी इंजिनिअरिंग म्हणत नाही. एरोस्पेसमध्ये म्हणावं लागतं. सगळ्या कडा ०.२ ते ०.५ मिलिमीटर मोडाव्यात, अशी नोट ड्रॉइंगवर असते. कमी मोडली तर धारदार कडेवर ताण एकवटतो आणि तडा तिथून सुरू होतो. जास्त मोडली तर टॉलरन्सबाहेर. दोन छिद्रं आत कुठे तरी एकमेकांना छेदतात तिथली बर बाहेरून दिसतही नाही, आणि हायड्रॉलिकच्या भागात ती सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकते. आमच्याकडे हे काम मायक्रोस्कोपखाली बसून काही ताई करतात. त्यांच्या हाताचं कसब मशीनला अजून आलेलं नाही. नवा भाग आला की मी प्रोग्राम पक्का करण्याआधी त्यांना विचारतो, या कोपऱ्यात हत्यार पोचेल का. बरेचदा त्या सांगतात तसा टूलपाथ बदलतो आणि बर निघते ती सोयीच्या बाजूला.

आता स्पेशल प्रोसेस. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, ॲनोडायझिंग, वेल्डिंग, एनडीटी (भाग न तोडता दोष शोधण्याची तपासणी). यांना स्पेशल म्हणतात कारण यांचा निकाल भाग न तोडता पूर्ण तपासता येत नाही. म्हणून इथे प्रक्रियेचीच मान्यता घ्यावी लागते, बहुतेक मोठे ग्राहक नॅडकॅपची (एरोस्पेसच्या स्पेशल प्रोसेसना मान्यता देणाऱ्या कार्यक्रमाची) मागतात. एकच उदाहरण घ्या. उच्च ताकदीच्या स्टीलला कॅडमियम प्लेटिंग करताना धातूत हायड्रोजन शिरतो. तो काढण्यासाठी प्लेटिंगनंतर साधारणपणे चार तासांच्या आत भाग भट्टीत जावा लागतो, १९० अंशांच्या आसपास, तेवीस तास. चारऐवजी सात तास झाले तर भाग दिसायला तसाच चकचकीत, माप तेच, कडकपणा तोच. आणि बोल्ट लोडखाली काही दिवसांनी अचानक तुटतो. त्या चार तासांचा पुरावा म्हणजे भट्टीच्या चार्टवरची वेळ आणि प्लेटिंगच्या कार्डवरची वेळ. ते दोन कागद जुळवून बघणं तुमचं काम. आमचे भाग ॲनोडायझिंगला बेंगळुरूला जातात, त्यामुळे पॅकिंग हाही माझ्या प्लॅनिंगचा एक टप्पा आहे. ट्रकमध्ये भाग भागावर घासला तर इथवरचं सगळं फुकट.

मटेरियलच्या कागदांबद्दलही तेच. प्लेटच्या हीट नंबरपासून (धातूच्या बॅचच्या नंबरापासून) तयार भागाच्या सीरियल नंबरपर्यंत साखळी कुठेही तुटता कामा नये. बार कापला की उरलेल्या तुकड्यावर नंबर पुन्हा लिहिला का, हे मी स्वतः जाऊन बघतो. २०२४ साली बोइंग आणि एअरबसच्या विमानांच्या भागांत खोट्या कागदपत्रांसह आलेलं टायटॅनियम वापरलं गेल्याचं उघड झालं आणि अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामकाने) चौकशी सुरू केली. जगातल्या सगळ्यांत मोठ्या साखळीत हे होऊ शकतं, तर आपल्या स्टोअरमध्ये नंबर नसलेला तुकडा 'तोच असेल' म्हणून वापरणं किती धोक्याचं आहे ते बघा. नंबर नाही म्हणजे तो तुकडा भंगार. कितीही महाग असो.

आणखी एका गोष्टीवर बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. जॉब हातातून खाली पडतो. कुणाच्याही हातून पडतो. पडलेला जॉब उचलून, पुसून, ट्रेमध्ये परत ठेवला तर कुणाला कळणार नाही, आणि आत तडा गेला असेल तर तोही कुणाला कळणार नाही. तो माणूस येऊन सांगेल की नाही, हे मागच्या वेळी सांगणाऱ्याचं काय झालं यावर ठरतं. आपल्याकडे शॉपवर बरीच मुलं कंत्राटी असतात, पैठण, फुलंब्री, बदनापूर अशा गावांहून रोज बसने येतात, घरी दोन एकर कोरडवाहू असते. त्यांना पगार कापला जाईल, उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही भीती खरी असते. एका ठिकाणी मी अशा चुकीसाठी ऑपरेटरकडून पैसे वसूल करताना पाहिलं आहे. तिथे त्यानंतर एकही जॉब पडल्याची नोंद झाली नाही. पडायचे थांबले नव्हते, सांगायचे थांबले होते. तुम्ही ज्या कंपनीत जाल तिथे सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही हे व्यवस्थापनाकडून लेखी करून घ्या, आणि कुणी येऊन सांगितलं तर सगळ्यांसमोर त्याचे आभार माना. एएस ९१०० या एरोस्पेसच्या गुणवत्ता मानकामध्येही प्रत्येकाला आपल्या कामाचा सुरक्षिततेशी काय संबंध आहे हे माहीत असलं पाहिजे अशी अट आहे. भिंतीवरच्या पोस्टरने ती पुरी होत नाही.

आता तुमच्या उरलेल्या प्रश्नांकडे.

एम.टेक.ची गरज नाही. एरोनॉटिकलच्या डिग्रीचीही नाही, ती डिझाइनकडे जाणाऱ्यांना उपयोगी. उत्पादनासाठी मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनच लागतं. तुमच्या ऑटोच्या अनुभवातून एफएमईए (काय चुकू शकतं याचं विश्लेषण), कंट्रोल प्लॅन, एमएसए (मोजण्याच्या पद्धतीची तपासणी), फिक्स्चर डिझाइन हे जसंच्या तसं चालतं. कमी पडतं ते जीडी अँड टी, म्हणजे आकार आणि जागेतली मान्य सूट ड्रॉइंगवर दाखवणारी चिन्हांची भाषा. ऑटोतही ते ड्रॉइंगवर असतं, पण बरेच जण ठरलेल्या गेजवर काम चालवतात आणि चिन्हाचा अर्थ शिकायचा राहून जातो. पोझिशन, प्रोफाइल, डेटमचा क्रम, मटेरियल कंडिशन हे इतकं पक्कं करा की सीएमएमचा रिपोर्ट बघून प्रोग्रामरला विचारता येईल, डेटम याच क्रमाने का घेतलास. त्यानंतर फाइव्ह ॲक्सिस कॅम. चिकलठाण्याचं इंडो जर्मन टूल रूम आपल्या दारात आहे, तिथल्या कोर्सची चौकशी करा. एनडीटीचं लेव्हल टू करून ठेवलंत तर फायदाच, निदान पेनिट्रंट टेस्टचं (द्रव लावून पृष्ठभागावरचे तडे शोधण्याचं) तरी. प्रत्यक्ष करायला मिळो न मिळो, सप्लायरचा रिपोर्ट वाचता येतो.

पगार ऑटोपेक्षा लगेच फार वाढेल अशी अपेक्षा ठेवून येऊ नका. लहान कंपनीत तर सुरुवातीला तेवढाच मिळतो. पाच-सात वर्षांनी फरक पडतो, कारण स्पेसिफिकेशन वाचून प्रोसेस उभी करणारी माणसं कमी आहेत.

संभाजीनगर कायमचं सोडायची गरज नाही, पण काही वर्षं बाहेर जा असंच मी सांगेन. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, तिथे सुखोई-३० एमकेआय बनली, आता तेजसची लाइन आहे, आणि त्याभोवती पुरवठादार आहेत. संभाजीनगरहून तो रस्ता काही तासांचा. बेंगळुरू, हैदराबाद आणि बेळगावला एकाच आवारात मशीनिंगपासून स्पेशल प्रोसेसपर्यंत सगळं बघायला मिळतं. लष्करी विमानांचं काम असेल तर डीजीएक्यूएचे (लष्करी विमानांची गुणवत्ता तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे) इन्स्पेक्टर कसं बघतात, काय विचारतात, हे जवळून शिकता येतं. इथे शेंद्रा-बिडकीनकडे जागा आहे, हात कुशल आहेत, कमी आहे ती ही पद्धत अंगवळणी पडलेल्या माणसांची. तुम्ही शिकून परत आलात तर इथल्या कंपन्यांना ती माणसं मिळतील.

मुलाखतीत तुमच्यासमोर बहुधा एक ड्रॉइंग ठेवतील आणि प्रोसेस सांगा म्हणतील. लगेच मशीनवर जाऊ नका. आधी नोट्स वाचा, मटेरियल आणि टेंपर बघा, डेटम शोधा, रिव्हिजन बघा आणि यातली कुठली स्पेसिफिकेशन माझ्याकडे नाहीत असं विचारा. दुसरा ठरलेला प्रश्न: जॉब टॉलरन्सच्या ०.०२ बाहेर गेला, असेंब्लीत बसतो आहे, ग्राहकाला उद्या पाठवायचा आहे, काय कराल? ऑटोच्या सवयीने तोंडात रिवर्क हा शब्द येतो. मंजूर प्रक्रियेत नसलेलं रिवर्क करायचा अधिकार तुम्हाला नाही. जॉब टॅग करून वेगळा ठेवेन, त्याच सेटिंगवर आधी निघालेले जॉब पुन्हा मोजेन, नॉन-कन्फॉर्मन्स लिहीन आणि वापरायचा की नाही हे ग्राहकाच्या मटेरियल रिव्ह्यू बोर्डाला ठरवू देईन, असं सांगा. त्यातलं 'आधी निघालेले जॉब पुन्हा मोजेन' हे विसरू नका. बहुतेक उमेदवारांचं तेच राहतं.